खुंटी

केसपेपरवर पत्त्याचा रकाना दीड बोटाचा.
मल्लेशम गाजूल, वय छप्पन्न, की साठ,
पत्ता विचारला की स्वतःच्या पायांकडं बघतो.
मी लिहितो: बंद गिरणीची मागची भिंत,
लिंबाच्या अलीकडं,
जिथं सकाळी नऊपर्यंत सावली असते.
खिडकीतला माणूस म्हणतो, असला पत्ता चालत नाही.
पण हा तिथंच सापडतो, मी म्हणतो,
तुमच्या-माझ्यापेक्षा खात्रीनं.

मी ड्रेसर. एकवीस वर्षं जखमा धुतोय.
सोलापूरच्या उन्हात
वास आधी येतो, माणूस नंतर.
याच्या घोट्याची जखम दिवाळीपासूनची.
मंगळवारी मी पट्टी बांधतो,
बुधवारी ती शिंदीच्या दुकानापर्यंत चालत जाते,
गुरुवारी तिचं पायपुसणं झालेलं असतं.
पुढच्या मंगळवारी पुन्हा आम्ही दोघं,
मध्ये पाय.

दुखतं का?
एम् लेदु, म्हणतो. काही नाही.

कधीकाळी टॉवेलच्या मागावर होता.
तुटलेला धागा डोळे मिटून सांधायचा, म्हणतात.
आता डॉक्टर सांगतात, हात पुढं कर,
आणि दहाही बोटं
बंद पडलेल्या मागाचं उरलेलं काम
हवेत करत राहतात.

व्यसनमुक्तीच्या वॉर्डाच्या तेव्हा अटी होत्या:
आधार दाखवा, नातेवाईक आणा,
आणि पिऊन येऊ नका.
(ताप उतरल्यावर या, असं मलेरियाच्या माणसाला
कुणी म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही.)

मग त्यानं एकट्यानंच सोडली.
ऐन मे महिन्यात, भिंतीला पाठ लावून.
तिसऱ्या रात्री झटके आले, जीभ चावली गेली,
रिक्षावाल्या जिलानीनं मागच्या सीटवर आडवा घालून आणला
आणि दारातच ओरडला,
पिऊन नाही आला बे, न पिता आलाय!
हिप्परगीबाई रात्रपाळीला होत्या.
त्यांनी अटींचा कागद उलटा करून
पाठीवर औषधं लिहिली.
सहीला कोण?
जिलानीनं केली.
नातं: पॅसेंजर.

चौथ्या दिवशी खाट रिकामी.
बघा, म्हणाले सगळे. सगळ्यांना आधीच ठाऊक होतं.

मी भिंतीकडं गेलो. ऊन अंगावर घेत बसला होता,
शुद्धीत, आणि शुद्धीत असल्यामुळं जास्तच रागात.
गाठोडं गेलं होतं.
त्यात एक धोटा, बायकोच्या पातळाचा तुकडा,
जर्मनची ताटली.
एवढंसं तर होतं, मी म्हणालो.
त्यानं माझ्याकडं असं बघितलं
की जखम उघडताना मी कधी कुणाकडं
तसं बघितलेलं नाही.

मला एकवीस वर्षं कळलं नव्हतं:
ही माणसं दवाखान्याला घाबरत नाहीत.
आत गेल्यावर
बाहेरचं कोण बघंल, हे त्यांना कुणी सांगत नाही.

त्याच दुपारी ड्रेसिंगरूमच्या भिंतीत
मी पहिली खुंटी ठोकली.
परवानगीचा अर्ज नंतर दिला, अजून फिरतोय.
आता अकरा खुंट्या आहेत.
सिस्टर म्हणतात, ढेकूण होतील. झालेत.
एका पिशवीतून परवा मांजराचं पिल्लू निघालं.
सकाळची गोळी जिलानीच्या ओळखीच्या
चहाच्या गाड्यावर मिळते, चहाआधी,
आणि पिऊन आलेल्यालाही पट्टी बांधली जाते,
हे आता बोर्डावर लिहिलंय,
खडूनं, म्हणजे पुसता येईल असं.

मल्लेशम दोनदा सुटला, दोनदा घसरला.
बाई त्याला घसरला म्हणत नाहीत,
पुन्हा आला, म्हणतात.
हाडापर्यंत गेलेली जखम आता
रुपयाएवढी उरलीय.

त्याची खुंटी सध्या मोकळी आहे.
नवं गाठोडं घेऊन बाहेर कुठंतरी आहे,
बरा की पिऊन, सांगता येत नाही.

आज मंगळवार.
दहा वाजून गेले.
पाणी कोमट करून ठेवलंय.